बाधित अवयव : गुडघा (डावा)

रकाना १. अर्जदाराचा व्यवसाय

कोरे अर्ज तयार करणे. लोक जे अर्ज भरतात आणि भरताना ज्याच्या नावाने बोटं मोडतात, तो मी. आमच्या कचेरीत त्याला नमुना विभाग म्हणतात. सव्वीस वर्षं मी तिथे रकाने पाडतोय. त्यामुळे सलग गोष्ट सांगणं मला जमत नाही. चौकट दिसली की मोकळा होतो. ही हकिगतही रकान्यांतच भरून देतो. क्रम चुकला तर चुकला. आमचे अर्ज तरी लोक वरून खाली कुठे भरतात? आधी सही करतात आणि मग विचारतात, हे कशाचं आहे?

रकाना ६. त्रास केव्हापासून

एका सोमवारपासून. कचेरीला निघताना डावा बूट घातला आणि उजवा घालावासा वाटेना. कारण काही नाही. बूट चांगला होता, पायही ठीक होता. मी दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो.

"अहो, बूट चावतोय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग?"

या "मग"ला मला पुढचे पाच महिने उत्तर देता आलं नाही.

रकाना ७. यापूर्वी केलेले उपचार

(अ) गोळ्या. (आ) दर पंधरवड्याला डॉक्टरांशी बोलणं. (इ) अंघोळ.

पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या होत्या, तिसरी बायकोने शोधून काढली. माझी थोरली बहीण, ताई, दर रविवारी सकाळी फोन करते. पहिल्या रविवारी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि म्हणाली, "ते अंघोळीला गेलेत." पुढच्या रविवारीही मी अंघोळीला गेलो. त्याच्या पुढच्याही. पाच महिन्यांत मी बाहेर आलोच नाही.

ताईचा आवाज फोनमधून थेट शेजारच्या खोलीत जातो. एकदा तो म्हणाला, "अगं, साबण किती लागतो गं तुम्हाला?"

रकाना ३. शिफारस करणारे डॉक्टर

वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण समोर बसलं की आपणच पाचवीत असल्यासारखं वाटतं.

"गोळ्या चालू राहू देत, आपलं बोलणंही चालू ठेवू," त्या म्हणाल्या. "जोडीला मी तुम्हाला व्यायाम लिहून देते."

"व्यायाम लिहून देतात?"

"देतात. सरकारी क्रीडागृहात, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. दर वेळी शिक्का घ्यायचा. चोवीस शिक्के झाले की मी कामावर रुजू व्हायचा दाखला देईन. तीनदा हजेरी चुकली तर नाव कटतं."

माझी रजा तीन महिन्यांत संपत होती. माझ्या खुर्चीवर तात्पुरता एक जण बसवला होता आणि तो चौकटींचे कोपरे गोल काढतो, अशी बातमी होती. पाच महिन्यांत मला कशाचंच काही वाटलं नव्हतं, पण गोल कोपरे हे नाव ऐकून मी पांघरुणातून डोकं बाहेर काढलं होतं. मी म्हटलं, "द्या."

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. नमुना क्रमांक एकेचाळीस-ब.

मी तो ओळखला. मीच तो तयार केला होता, अकरा वर्षांपूर्वी.

रकाना ४. बाधित अवयव ★

इथे थोडं थांबावं लागेल.

मूळ मसुद्यात या जागी "काय त्रास होतो?" असं होतं आणि खाली चार कोऱ्या ओळी. पण त्या चार ओळींमुळे अर्ज दुसऱ्या पानावर सांडत होता. मी ओळी काढल्या, एक इंचाची चौकट घातली, वर "बाधित अवयव" लिहिलं आणि शेजारी चांदणी काढली. तळाला बारीक अक्षरात : "चांदणी असलेली चौकट रिकामी आढळल्यास अर्ज बाद." अर्ज एका पानात बसला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या संध्याकाळी मी घरी येताना शीळ घालत होतो, असं बायको सांगते.

आता डॉक्टरांनी त्या चौकटीत नुसती आडवी रेघ ओढली होती.

क्रीडागृहाच्या नोंदणी खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"अवयव?"

"अवयव असा नाही."

"अवयव नाही असा माणूस नसतो."

"म्हणजे आहेत सगळे. पण त्यातला कुठला असं नाही सांगता येत."

"काका, चांदणी आहे." त्यांनी अर्ज उलटा करून मला तळाची ओळ दाखवली. माझीच ओळ, माझ्याच नाकासमोर. "ही ज्याने कोणी लिहिली ना, तो एकदा भेटायला पाहिजे मला."

मी खाली पाहिलं.

मग ते जरा पुढे झुकले आणि आवाज उतरवला. "हे बघा, खांद्याच्या गटात जागा नाही. कंबरेचा गट सकाळी सहाला असतो, तुम्हाला झेपणार नाही. गुडघा लिहू का? सोमवार-गुरुवार, दहा वाजता. खुर्च्याही चांगल्या आहेत."

"लिहा."

"डावा की उजवा?"

"तुम्हाला सोयीचा कुठला?"

त्यांनी डावा लिहिला.

रकाना ९. कुटुंबीयांचे मत

"गुडघा!" बायको सोफ्यावर टेकली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आलेले पाहिले. "बरं झालं बाई. गुडघा सांगता येतो."

"पण गुडघ्याला काही झालेलं नाही."

"ते कोण बघतंय? सगळ्यांना सांगते मी. फक्त ताईंना नाही. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत, गुडघा म्हटलं की बॅग घेऊन हजर होतील."

म्हणजे इमारतीत मी गुडघ्याने अधू आणि ताईसाठी अंघोळीतच. एकाच माणसाला दोन ठिकाणी हजर ठेवणं सोपं नसतं. बायकोने ते तीन महिने सांभाळलं.

रकाना ९ (पुढे चालू). शेजाऱ्यांचे मत : हा रकाना मूळ नमुन्यात नाही, पण शेजाऱ्यांना कुठे रकाना लागतो?

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर. त्यांचा दरवाजा दिवसभर उघडा असतो आणि त्यात ते असतात. त्यांच्यासमोरून जाताना लंगडावं लागे. दोन मजले मी सरळ उतरायचो, त्यांच्या पायपुसण्यापाशी लंगडायला लागायचो, तळमजल्यावर पुन्हा बरा व्हायचो.

"काय हो, काल डावा होता ना?" हेडमास्तरांनी तिसऱ्याच दिवशी पकडलं.

"वजन सगळं उजव्यावर येतं हो. मग तोही बोलायला लागतो."

"वाटलंच. आता ऐका." आणि त्यांनी मला आत बसवून फळ्यावर (त्यांच्या बैठकीत फळा आहे) गुडघ्याची आकृती काढली. वाटी, दोन हाडं, मधलं वंगण. आकृती सुंदर होती. खाली नावं द्या, दहा गुण, असं म्हणतील की काय या भीतीने मी घाम पुसला.

त्यांचा उत्साह तिथे थांबला नाही. इमारतीची सभा दर वेळी तळमजल्यावर भरते. मला जिना नको म्हणून त्यांनी ती माझ्या घरी भरवली. पाच महिन्यांत ज्याने घंटा वाजली की पांघरूण डोक्यावर घेतलं, त्याच्या दिवाणखान्यात चौदा माणसं. सतरा कप. (तिघांनी दोनदा घेतला.) विषय एकच : माझ्या गुडघ्यासाठी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही लोखंडी दांडी बसवावी का. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हिरवा रंग द्या. चौथ्या मजल्यावरचा वकील म्हणाला, हिरवा आरोग्याला शोभत नाही. ठराव मंजूर झाला. मी आभार मानले. काय करणार? "मला दांडी नको, मला सकाळी उठावंसं वाटत नाही" असं चौदा माणसांना चहाच्या कपांमधून कसं सांगतात, याचा कुठला नमुना आमच्या विभागात नाही.

आठ दिवसांत दांडी आली. हिरवी. आता ती धरल्याशिवाय उतरताच येईना.

रकाना ११. उपस्थिती

आमच्या गटात नऊ जण. शिकवणारी पोरगेली बाई, गळ्यात शिट्टी, म्हणून आम्ही तिला शिट्टीच म्हणायचो. खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहा मोजा, खाली. टाचांवर उभे राहा. रबरी पट्टा ताणा. मग दिवाणखान्याएवढ्या वर्तुळात चाला आणि चालता चालता एकमेकांकडे चेंडू फेका. मी सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, आणि मला कोणीतरी ओरडून सांगत होतं, "काका, चेंडूकडे बघा, घड्याळाकडे नको!"

पहिल्या चार आठवड्यांत दोनदा चुकवलं. नाव कटायला एकच गैरहजेरी उरली होती.

आणि मग मला शिंपी दिसला.

म्हणजे तो पहिल्या दिवसापासून शेजारच्याच खुर्चीत होता. बारीक, खांद्यावर फीत विसरून येणारा. पण एका गुरुवारी माझ्या लक्षात आलं की हा आज डावा पाय ओढतोय. सोमवारी उजवा ओढत होता. मला खात्री होती, कारण सोमवारी तो माझ्या पायावर पडला होता. तास संपल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो. शिंपी फाटकापर्यंत लंगडत गेला, इकडेतिकडे पाहिलं, आणि समोरून बस निघताना पाहून असा काही पळत सुटला की फीत मागे झेंड्यासारखी उडाली.

घरी आल्यावर बूटही न काढता मी बायकोला हे सांगितलं. ती भांडी पुसत होती. हात थांबले. मला वाटलं, काही चुकलं. नंतर लक्षात आलं, मी आपणहून काहीतरी सांगण्याची ही पाच-सहा महिन्यांतली पहिली वेळ.

"मग?" ती म्हणाली. "मिळाली का बस त्यांना?"

या "मग"ला मला उत्तर देता आलं. "मिळाली."

त्यानंतर आमच्या घरात हा खेळच झाला. मी आलो की ती दार उघडतानाच विचारी, "आज कुठला?" मी सांगे. आमच्याच गटातल्या ग्रंथालयातल्या बाई दुखरा गुडघा जमिनीवर टेकवून खुर्चीखालची पिशवी काढतात, हेही सांगितलं. गटातलाच एक बसचा ड्रायव्हर शिट्टीने "ज्यांना दुखतं त्यांनी थांबा" म्हटल्यावर सगळ्यात शेवटी थांबतो, आधी आजूबाजूला कोण थांबतंय ते बघून. हे सगळं काय आहे? मला छडा लावायचा होता. उपचारासाठी जात होतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी टेहळणीला जात होतो.

रकाना ११ (समासातली नोंद)

सातव्या आठवड्यातला गुरुवार. सकाळी डावा बूट घातला आणि उजवा घालावासा वाटेना.

साडेनऊ वाजले. दांडी, शिक्के, गोल कोपरे, सगळं आठवून पाहिलं. काहीच लांबून हाक मारेना. बायको आली. मला वाटलं, आता म्हणेल, तिसरी गैरहजेरी होईल हो. ती म्हणाली नाही. शेजारी बसली आणि उजवा बूट मांडीवर घेऊन फडक्याने पुसत राहिली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "आज गुरुवार. म्हणजे डावा असेल, नाही?"

"सोमवारी पण डावाच होता," मी म्हटलं.

"सलग दोनदा डावा? असं कसं?"

खरंच, असं कसं? मी तिच्या मांडीवरचा बूट घेतला.

(त्या दिवशी उजवा होता.)

रकाना १३. तपासणी

बाराव्या आठवड्यात नोटीस लागली. आरोग्य कचेरीच्या लक्षात आलं होतं की या क्रीडागृहात शिफारशीवर आलेल्या त्रेचाळीस जणांपैकी सदतीस गुडघे आहेत. एवढे गुडघे एका भागात एकदम जातात कसे, हे पाहायला हाडांचे डॉक्टर येणार होते. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात : "खोटी माहिती आढळल्यास नोंदणी रद्द." हीही ओळ माझीच. त्या वर्षी मी फार फॉर्मात होतो.

माझे एकवीस शिक्के झाले होते. तीन उरले होते; चुकवलेले दोन तास तेराव्या आठवड्यात भरून काढायचे होते.

डॉक्टर भारदस्त होते, मिशा हाडांसारख्याच कडक. आधी शिंप्याला बोलावलं. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि शिंपी "आई गं!" म्हणून ओरडला.

"मी अजून हात लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"लावणार होतात ना."

"बसा तिकडे. पुढचे."

पुढचा मी. त्यांनी माझा डावा गुडघा वाकवला, फिरवला, वाटी हलवून पाहिली, कान लावून ऐकला. शिट्टी तोंडात शिट्टी धरून उभी होती.

"कुठे दुखतं?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. वाक्यही पाठ होतं : जिना उतरताना, वाटीच्या आतल्या बाजूला. हेडमास्तरांच्या फळ्यावरचं. पण डॉक्टरांच्या हातात माझा एकेचाळीस-ब होता आणि पेन त्या एक इंचाच्या चौकटीवर येऊन थांबलं होतं. मला ती चौकट दिसली. इतकी लहान. एवढ्याशा जागेत या नऊ जणांना मी कोंबलं होतं, आणि त्यातलाच नववा मी.

"डॉक्टर," मी म्हटलं, "गुडघ्याला काही झालेलं नाही."

"मग कशाला झालंय?"

"सकाळी बूट घालवत नाही. एक घालतो. दुसरा राहतो."

कोणी हसलं नाही. मला वाटलं, गेले एकवीस शिक्के. तेवढ्यात मागून शिंपी म्हणाला, "माझ्या हातून कात्री उचलवत नव्हती. कापड मांडायचो आणि संध्याकाळी तसंच घडी करायचो."

"मी थांब्यावर गाडी थांबवायचो आणि पुढे न्यावीशीच वाटायची नाही," ड्रायव्हर म्हणाला. "लोक घंटी मारून मारून दमायचे."

ग्रंथालयातल्या बाईंनी आपली खुर्ची आमच्याकडे सरकवली.

"मग तुम्ही रोज पाय का बदलायचात हो?" मला राहवेना. मी शिंप्याला विचारलं.

"अर्जावर कुठला लिहिलाय ते आठवायचं नाही!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्याकडे दोनच चौकटी आहेत," ते म्हणाले. "बाधित अवयवात सुधारणा आहे किंवा नाही. तिसरी नाही. नऊच्या नऊ गुडघे मी पाहिले तर उत्तम निघतील, असं दिसतंय. अर्ज म्हणतो ते दुखत होते. आता दुखत नाहीत. म्हणजे सुधारणा आहे." आणि त्यांनी नऊ वेळा खूण केली.

जाता जाता त्यांनी शिट्टीला बाजूला घेतलं. "एक कोरा अर्ज मिळेल का? माझ्या एका ओळखीच्यासाठी."

"गुडघा का?" तिने विचारलं.

"गुडघाच," डॉक्टर म्हणाले आणि थोडेसे लंगडत बाहेर पडले.

फक्त कार्यालयीन वापरासाठी

चोवीस शिक्के झाले. दाखला मिळाला. मी गेलो तेव्हा खुर्ची जागेवर होती; गोल कोपरेवाल्याने ती पुसूनही ठेवली होती. तो तसा वाईट मनुष्य नाही, हे मला लिहून द्यावं लागेल. हेडमास्तरांना गुडघा बरा झाल्याचं कळलं तेव्हा ते क्षणभर खट्टू झाले. "मग दांडीचं काय?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दांडी धरून उतरल्या आणि प्रश्न मिटला.

पहिल्याच आठवड्यात टेबलावर पत्र आलं. गुडघ्यांतल्या थक्क करणाऱ्या यशामुळे ही योजना आणखी ठिकाणी सुरू होत आहे; तरी नमुना एकेचाळीस-बच्या नव्या प्रती छापाव्यात.

मी पट्टी घेतली. चौकट खोडली. चांदणी खोडली. "काय त्रास होतो?" लिहिलं आणि खाली चार कोऱ्या ओळी ओढल्या. थोडा विचार करून आणखी चार.

"दोन पानं होतील," साहेब म्हणाले.

"होतील."

"एका पानाचं तुम्हीच केलं होतंत ना?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि सही केली. आधी सही. मग विचारलं, "हे नक्की कशाचं आहे?"

रकाना २. संपर्क

रविवार. क्रीडागृह बंद असतं, पण आमचा गट त्याच्या मागच्या मैदानात आपला आपण जमतो. शिंपी पळतो, आम्ही त्याच्या मागे. मी घरी आलो तो घामाने निथळत. थेट न्हाणीघरात. डोक्यावर पहिला तांब्या घेतला आणि फोन वाजला.

"ते अंघोळीला गेलेत," बायकोचा आवाज आला.

मग ताईचा, दाराच्या फटीतून : "अजून?"

"नाही हो ताई, आज खरंच अंघोळीला गेलेत."

"आज खरंच म्हणजे? मग एवढे महिने कुठे होता तो?"

मी तांब्या खाली ठेवला.

"तिला थांबायला सांग!" मी आतून ओरडलो. "आलोच!"

कानात साबण, खांद्यावर टॉवेल, पायांखाली तळं, अशा अवस्थेत मी बाहेर आलो आणि फोन घेतला. बायकोने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः शेजारी बसली.

"बोल ताई."

मग ताई, कधी नव्हे ते हळू आवाजात : "झाली का रे अंघोळ?"

"झाली."

"काय झालं होतं तुला?"

मी बसलो. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"वेळ आहे का तुला?" मी म्हटलं. "दोन पानं होतील."